पहिला तास : मानखुर्दच्या एका शाळेतल्या प्रकल्प नोंदी

10 डिसेंबर 2021, शुक्रवार

पहिली ते सातवीचे वर्ग 1 तारखेला उघडणार होते. ओमायक्रॉन आला आणि मुंबईत तारीख 15 वर गेली. आठवीची मुलं 4 ऑक्टोबरपासून येताहेत, त्यामुळे इमारत अगदीच झोपलेली नाही, पण खालचे दोन मजले बंदच होते. आज मोठ्या बाईंनी आमच्या वाचन-गणित प्रकल्पाची खोली उघडून दिली. कपाटात वाळवी. गोष्टींची कार्डं खालून कुरतडलेली, म्हणजे प्रत्येक गोष्टीचा शेवट गेलेला. बाराखडीचे तक्ते प्लास्टिकच्या पिशवीत होते म्हणून वाचले. काड्यांच्या जुड्या शाबूत, रबर मात्र विरघळून चिकटलेत.

व्हरांड्याच्या फरशीवर पांढऱ्या रंगाचे गोल आहेत, सहा-सहा फुटांवर. लसीकरणाच्या रांगेसाठी काढलेले. हमालदादा म्हणाले, ‘घासून काढतो.’ मी म्हटलं राहू द्या.

दुपारी वस्तीत संमतीपत्रं वाटली. पालकांची सही असल्याशिवाय मूल वर्गात नाही. एका आईनं अंगठा दिला आणि विचारलं, ‘दप्तर लागंल का?’ मुलगी दुसरीत. दुसरीतल्या मुलीच्या घरात दप्तर नाही, कारण दप्तर कधी लागलंच नाही. जून 2020 ला तिचं नाव पहिलीत चढलं, जून 2021 ला दुसरीत. मधे शाळेची पायरी नाही.

15 डिसेंबर, बुधवार

उघडली.

पाचवीची मुलं धावत आली, आपापल्या जुन्या बाकांवर जाऊन बसली. पाय मावेनात. पावणेदोन वर्षांत माणूस किती वाढतो ते बाकावर कळतं. एका बाकावर एकच मूल, त्यामुळे मित्राशेजारी बसता येईना यावरून दोन भांडणं.

दुसरीचा वर्ग वेगळाच. तिथं गोंधळ नव्हता, शांतता होती. मुलं दारात उभी. आत जायचं म्हणजे कुठं जायचं, ते माहीत नाही. एकजण फळ्याकडे पाठ करून बसला, कारण त्याला दार दिसत राहायला हवं होतं. बाईंनी पेन्सिली वाटल्या. अर्ध्यांनी मुठीत धरल्या, खुरपं धरावं तशा. दोन ओळी गिरवून हात दुखायला लागले. बाई मला हळूच म्हणाल्या, ‘ताई, पोर्टलवर ही दुसरीत आहेत हो. मी यांना बालवाडीपासून घेऊ का?’

घ्याच, असं म्हणायचं होतं. म्हटलं नाही. मला अजून काही दिसलेलं नव्हतं, नुसतं वाटत होतं.

फोनबद्दल विचारलं. बहुतेक घरात एकच, तो वडलांबरोबर कामावर. अभ्यास ग्रुपवर यायचा सकाळी, फोन घरी यायचा रात्री नऊला. तिसरीतला एक मात्र फोनमध्ये पटाईत. त्याला टाइप करता येत नाही. माइकचं चिन्ह दाबून सांगतो, हवा तो व्हिडिओ येतो. वाचायची गरजच पडली नाही त्याला. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जरा शायनिंग होती, आणि खरं सांगायचं तर ती हक्काची होती.

20 डिसेंबर, सोमवार

तिसरी ते पाचवीची वाचन चाचणी. पद्धत ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीची, आम्हाला सवयीची. आधी चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद द्यायचा. तीनपेक्षा जास्त न अडखळता वाचला तर मोठी गोष्ट. नाही जमला तर शब्द, पाचातले चार. तेही नाही तर अक्षरं. एका मुलाला पाच-सात मिनिटं पुरतात, कागद एक लागतो.

चूक माझी झाली. खोली एकच मोकळी होती म्हणून वर्गातच, सगळ्यांसमोर घ्यायला सुरुवात केली. सहाव्या मुलापर्यंत आख्ख्या वर्गाला परिच्छेद पाठ झाला होता आणि माझ्या लक्षातच आलं नाही. नववी आली तिसरीतली एक मुलगी, दोन वेण्या, एका वेणीला रिबीन नाही. कागदावर बोट ठेवून तिनं खणखणीत परिच्छेद म्हटला, एकही चूक नाही. मी यादीत ‘परिच्छेद’ लिहिणार, तेवढ्यात दिसलं की वाक्यं संपली आणि बोट अजून दुसऱ्या ओळीवर आहे. मी तिच्या बोटाखालचा शब्द विचारला. तिनं परत पहिल्यापासून म्हणायला घेतलं, त्या शब्दापर्यंत पोचण्यासाठी. पुढे जाऊन थांबली, मागे आली, बोट हलवलं. मग माझ्याकडे पाहिलं. शब्द ‘विहीर’ होता. ती म्हणाली, ‘व... ह... र.’ अक्षरं येतात. वेलांट्या दिसतच नाहीत तिला.

मुलगी हुशार आहे. ऐकून चार वाक्यं जशीच्या तशी उचलणं सोपं नाही. पण वर्गात सगळे एका सुरात वाचतात तेव्हा ही सर्वांत मोठ्यानं वाचत असणार, आणि बाईंना वाटत असणार की हिचं बरं चाललंय.

आजचे कागद फाडले. उद्यापासून व्हरांड्यात, एकेकाला, आणि परिच्छेदाचे चार नमुने.

3 जानेवारी 2022, सोमवार

चाचणी संपली, गट पाडायचे होते. आज आदेश : उद्यापासून पहिली ते नववी आणि अकरावीचे वर्ग बंद, 31 जानेवारीपर्यंत. आजच 15 ते 18 वयाची लस सुरू झाली. म्हणजे एका दारानं मोठी मुलं लसीला निघालीत आणि दुसऱ्या दारानं लहान घरी. दुसरीतल्या ज्याला दाराकडे तोंड करून बसायचं असायचं, तो गेल्या आठवड्यात पहिल्यांदा फळ्याकडे वळला होता.

कार्डं घरी वाटली. उपयोग कितपत होईल, देव जाणे.

24 जानेवारी, सोमवार

पुन्हा सुरू. आठवडाभर आधीच. तो परत दाराकडे तोंड करून बसलाय.

4 फेब्रुवारी, शुक्रवार

गणित. चौथीच्या वर्गात ‘पंचवीस लिहा’ म्हटलं. 52, 52, 25, 52, 205. पुढे ‘सदतीस’. 73.

याला नुसतं ‘उलटं लिहितो’ म्हणून सोडून देतात. पण मूल बरोबरच लिहितंय, कानावर आलं त्या क्रमानं : पंच आधी, वीस मागून. मराठीत 21 ते 99 मधले बहुतेक आकडे आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘तीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा विधानसभेपासून नाक्यापर्यंत चेष्टा झाली. मीही हसले होते. आज हसू आलं नाही. ज्या मुलाला पहिली-दुसरीत आणि पुढेही रोज ऐकणं, रोज लिहिणं मिळतं त्याला हा उलटसुलट मामला सवयीनं जमून जातो. ज्याचा तो सराव मधली दोन वर्षं तुटला, त्याच्या कानाची आणि हाताची गाठ पक्की झालेलीच नाही.

काड्या काढल्या. दहाची जुडी, वर रबर. ‘पंचवीस’ म्हटलं की दोन जुड्या आणि पाच सुट्या उचलायच्या, मग जे हातात आहे ते लिहायचं. बोलायचं कसंही, ‘पंचवीस’ म्हणा नाहीतर ‘दोन दहा आणि पाच’. हाताला वजन कळलं की आकडा सरळ पडतो. वजाबाकीही अशीच : 42 मधून 17 काढायचे तर सुट्या पुरत नाहीत, एक जुडी सोडावी लागते. रबर काढताना जो आवाज येतो ना, ती मुलांच्या लेखी खरी उसनवारी. ‘हातचा’ म्हणजे काय, हे मलाही शाळेत असताना कुणी असं दाखवलं नव्हतं.

व्हरांड्यातले गोल कामाला आले. पाच-पाचच्या उड्या. शेवटच्या गोलात 85. तिथंच रांग संपत होती वाटतं.

2 मार्च, बुधवार

आजपासून पूर्ण पट, पूर्ण वेळ. बाकावर परत दोघं-दोघं.

मधल्या सुट्टीनंतर शिक्षकांची बैठक. आमची मागणी एकच : रोजचा पहिला तास इयत्ता मोडायच्या. तिसरी, चौथी, पाचवीची मुलं एकत्र करून, ज्याला जे वाचता येतं त्याप्रमाणे पाच खोल्यांत बसवायची. तास संपला की आपापल्या वर्गात. पाचवीचा मुलगा अक्षरांवर असेल तर त्यानं अक्षरांवर बसायचं, तिसरीची मुलगी गोष्ट वाचत असेल तर तिनं गोष्टीत.

विरोध झाला, आणि तो फुकाचा नव्हता. पाचवीचे सर म्हणाले, ‘माझा पोर्शन कोण पुरा करणार? विभाग निरीक्षक आले तर मी वहीत काय दाखवू?’ तिसरीच्या बाई म्हणाल्या की मोठी मुलं लहानांत बसली की एकतर लाजतील नाहीतर दादागिरी करतील. चौथीच्या बाईंचं म्हणणं सगळ्यांत खरं होतं : ‘दीड वर्ष आम्ही रेशन वाटलं, वस्तीत सर्व्हे केले, सेंटरवर बसलो. आता परत आम्हालाच म्हणायचं की मुलं मागे पडली.’ यावर मी काय बोलणार? बोलले नाही. चहा आला.

पोर्शनचं उत्तर मात्र माझ्याकडे होतं. 20 डिसेंबरनंतरचे नीट घेतलेले चाचणीचे कागद टेबलावर पसरले आणि सरांना त्यांच्या वर्गाचे उचलायला सांगितले. त्यांनी एकेक उलटला. पाचवीच्या परिसर अभ्यासाचं पान वाचू शकणारी मुलं त्यांनी स्वतःच बाजूला काढली. गठ्ठा पातळ होता. सर म्हणाले, ‘म्हणजे मी पोर्शन या एवढ्यांनाच शिकवत होतो.’ मोठ्या बाईंनी विषय संपवला : केंद्राच्या निपुण भारत मोहिमेचं पत्र फाइलला आहेच, तिसरीपर्यंतच्या प्रत्येकाला 2026-27 पर्यंत वाचता आणि हिशेब करता आला पाहिजे असं त्यात लिहिलंय, पहिला तास त्याच्या नावावर टाकू.

एक तास मिळाला. रोज.

11 मार्च, शुक्रवार

गटांची फजिती, लिहून ठेवते.

‘अक्षर गट’, ‘शब्द गट’ म्हटलं तर चिडवाचिडवी होईल, म्हणून मी डोकं लढवलं आणि हार्बर लाइनची स्टेशनं घेतली. मानखुर्द, गोवंडी, चेंबूर, टिळकनगर, कुर्ला. मूल पुढे सरकलं की ‘गाडी पुढच्या स्टेशनात’. फार खूश होते स्वतःवर. चौथ्या दिवशी पाचवीतला एकजण विचारतो, ‘ताई, आपण मानखुर्दला राहतो ना? मग ढ लोक मानखुर्दलाच का?’

ज्या वस्तीला मुंबई कायम शेवटून मोजते, तिलाच मी शेवटून मोजलं होतं. त्याला काही सांगता येईना. सोमवारपासून नुसते खोली नंबर. खोली 4 मधून 6 मध्ये जायचं, बस. मुलांना खोलीच हवी होती. कोणत्या खोलीत पंखा चालतो, यावरून प्रतिष्ठा ठरते.

28 मार्च, सोमवार

एप्रिलभर पूर्ण वेळ शाळा चालवा असा राज्याचा आदेश आहे. शिक्षकांत नाराजी, गावच्या गाड्यांची तिकिटं काढून झालीत. पालकांचीही. सोलापूर, जालना, परभणी, सगळ्यांच्या पिशव्या भरल्यात. दोन वर्षं जत्रा नव्हत्या, यंदा आहेत. एप्रिलमध्ये पट किती राहील ते दिसतंच आहे. मी चिडले नाही, मीही दोन वर्षं गावी गेलेले नाही.

8 जुलै, शुक्रवार

नवं वर्ष, पहिले 30 दिवस सेतू अभ्यासक्रम, म्हणजे मागच्या इयत्तेची उजळणी. त्यासोबत सोडवायला आम्हीही पत्रिका छापल्या होत्या, रंगीत, खर्चिक. पहिल्याच पानावर सूचना : ‘खालील उतारा वाचा व प्रश्नांची उत्तरे लिहा.’ जो वाचू शकत नाही म्हणून पत्रिका, त्याला वाचून सोडवायला सांगितलेलं. तपासणाऱ्यांत माझीही सही आहे.

5 तारखेपासून शाळाबाह्य मुलं शोधायचं ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’, 20 पर्यंत. शिक्षकांबरोबर वस्तीत फिरतोय. आज एक मुलगा सापडला, दहा वर्षांचा. जवळच्या एका खासगी इंग्रजी शाळेत होता. वडलांचं काम गेलं, दोन वर्षांची फी थकली, शाळा दाखला देत नाही. दाखला नाही म्हणून कुठंच नाव नाही. आई म्हणाली, ‘दाखल्याशिवाय घेत न्हाईत असं सांगितलं.’ कुणी सांगितलं ते कळेना, वस्तीत असं कुणीतरी सांगितलेलंच असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये स्पष्ट आहे की दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मोठ्या बाईंनी वयाप्रमाणे पाचवीत घेतला, सोमवारी येईल.

एप्रिलपासून महापालिकेची ‘मिशन अ‍ॅडमिशन, एकच लक्ष्य एक लक्ष’ मोहीम चालली, पट वाढलाय. खासगीतून आलेली मुलं बरीच. त्यांना वर्गात बसवणं सोपं आहे, पहिल्या तासात कुठं बसवायचं ते अवघड. या मुलाला ए टू झेड येतं, सीएटी कॅट येतं, ‘ग’ आणि ‘म’ येत नाही. मराठी घरी बोलतो तो, फर्डी बोलतो. खोली 3, सुरुवातीची.

5 ऑगस्ट, शुक्रवार

1 तारखेपासून मतदार यादीला आधार जोडायचं काम. दोन शिक्षक बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी), दुपारी वस्तीत. पहिला तास टिकला, कारण तो सकाळी सातला आहे. शेवटचा असता तर आज नसता.

14 ऑक्टोबर, शुक्रवार

फेरचाचणी झाली. व्हरांड्यात, एकेकाला.

अक्षरांवरून शब्दांवर यायला सगळ्यांत कमी दिवस लागले. रोज पंधरा मिनिटं बाराखडीचा तक्ता, बोट ठेवून, मोठ्यानं, क का कि की, आडवा आणि उभा. कंटाळवाणं आहे. मुलांना ते कंटाळवाणं वाटत नाही, आपल्याला वाटतं. दोन वेण्यांची मुलगी आता चौथीत. बोट आणि तोंड एका जागी आलंय. तिला दिलेल्या परिच्छेदात ‘विहीर’ नव्हती, मीच वहीवर लिहून दाखवली. ‘वि-ही-र’ वाचलं आणि म्हणाली, ‘हे मला आधीपण विचारलं होतं.’ स्मरणशक्ती तीच!

अडलेत ते शब्दांवरून परिच्छेदावर. सगळे एकाच दगडाला ठेचकाळतात : जोडाक्षर. त्यातही ‘र’. कर्म, क्रम, ट्रक, सुऱ्या. एकच र चार वेषांत, कधी डोक्यावर, कधी पायाशी, कधी पोटाखाली दोन पाय काढून, कधी नुसता अर्धचंद्र. खोली 6 मधल्या एकानं ‘सूर्य’चं ‘सूय’ केलं, वरचा रफार त्याला कागदावरचा डाग वाटला. चुकीचं म्हणवेना, छपाई आमची तशीच आहे.

पाचवीचे सर आता खोली 6 घेतात. त्यांनी परवा वस्तीतल्या दुकानांच्या पाट्यांचे फोटो काढून आणले : सर्व्हिस, ट्रेडर्स, प्रॉव्हिजन, कार्यालय. र-च-र. मुलांनी अर्ध्या पाट्या न वाचताच ओळखल्या, दुकान माहीत आहे म्हणून. मग सरांनी फोटो कापून शब्द वेगळे केले आणि गाडी अडली. मला सुचलं नसतं.

खासगीतून आलेला मुलगा खोली 5 मध्ये. घरची मराठी पक्की असल्यानं तो सुसाट निघालाय. नुसतं लिपीचंच कोडं होतं, भाषेचं नव्हतं. उलट दोन मुली, घरी लमाणी बोलणाऱ्या, अक्षरं सगळी येतात, वाचतात, आणि काय वाचलं ते कळत नाही. त्यांना चाचणीत ‘परिच्छेद’ मिळाला. कागदावर त्या त्याच्या पुढे आहेत. त्यांच्यासाठी आधी गोष्ट तोंडी सांगायची, चित्रावर बोलायचं, मग वाचायचं असं ठरवलंय. तक्त्यात याला रकाना नाही. समासात लिहिते.

19 जानेवारी 2023, गुरुवार

‘असर 2022’ काल आला. चार वर्षांनी देशभर घरोघरी झालेली पहिली मोठी पाहणी. ग्रामीण भागाची, म्हणजे मुंबई त्यात नाही. तरी शिक्षकांनी आकडे मागितले. तिसरीतली मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकतात त्यांचं प्रमाण 2018 मध्ये 27.3 टक्के होतं, आता 20.5. वजाबाकी येणारी 28.2 वरून 25.9. वाचन जास्त घसरलं, गणित कमी. सर म्हणाले, ‘बाजारात हिशेब तर होत होते. वाचायला घरात होतं काय?’ सरकारी शाळेत नाव असलेली 6 ते 14 वयाची मुलं 65.6 वरून 72.9 टक्क्यांवर गेली, हे ऐकून मोठ्या बाई म्हणाल्या, ‘आपली बाकं कमी पडतात ती उगाच नाही.’

मला त्या 27.3 नं जास्त टोचलं. म्हणजे कोविडच्या आधीही तिसरीतल्या चारांतले जवळपास तिघं वाचत नव्हते. आपण ‘बुडालेलं शिक्षण भरून काढतोय’ म्हणतो तेव्हा नक्की कुठल्या पातळीला परत नेतोय मुलांना? आदला खड्डाच पाण्यात दिसत नव्हता एवढंच.

मोठ्या बाईंनी विचारलं, ‘मग पहिला तास पुढच्या वर्षी पण?’ तो प्रश्न आमच्या निधीच्या मुदतीचा होता. मार्चअखेर संपतोय. मी तसं सांगितलं. चौथीच्या बाई म्हणाल्या, ‘निधी तुमचा, तास आमचा.’

29 मार्च 2023, बुधवार

सामान शाळेच्या ताब्यात. तक्ते 12, गोष्टींची कार्डं (शेवटासकट) 6 संच, नोटांचे खोटे गठ्ठे 2, सतरंज्या 5, त्यातली एक फाटकी.

खोली 3 मध्ये अजून चौघं आहेत. दोघांची हजेरी आठवड्याला दोन दिवस, एकाला फळ्यावरचं दिसतच नाही असं आता लक्षात आलं, डोळे तपासायची चिठ्ठी दिली. हे चौदा महिने आधी लक्षात यायला हवं होतं. चौथा म्हणजे तोच, दाराकडे तोंड करून बसणारा. आता तिसरीत. फळ्याकडे बसतो, बडबड करतो, अक्षरं अकरा येतात. चौघांची नावं आणि कागद बाईंच्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलेत, जूनमध्ये त्याच काढणार.

काड्या मोजायला पाचवीची दोन मुलं बसवली. शंभरच्या दहा मोठ्या जुड्या हव्यात. एकीत सत्त्याण्णव निघाल्या, त्यांनी पुन्हा मोजल्या, पुन्हा 97. चिठ्ठीवर तसंच लिहून रबराखाली खोचलं. तीन काड्या सोमवारी आणून देते.